पाणी गेलं की लघवी? रंग बदलणाऱ्या पॅडची परीक्षा आणि निळ्या डागानंतरचे तास

नववा महिना भरत आला की कपडे ओले व्हायला तीन कारणं एकदम हजर असतात. बाळाचं डोकं मूत्राशयावर बसल्यामुळे शिंकताना-खोकताना निसटणारी लघवी, वाढलेला पांढरा स्राव, आणि खरोखर फुटलेली पाणमोट, म्हणजे बाळाभोवतीची पाण्याची पिशवी. पाणमोट फुटली की भसकन पाणी येणारच, असं काही नसतं. पिशवीला वरच्या अंगाला बारीक भोक पडलं किंवा डोकं बुचासारखं खाली बसलं, तर दिवसभर नुसतं झिरपत राहतं. रंग बदलणारं पॅड या गोंधळासाठीच काढलेलं आहे. परीक्षण त्याचंच आहे, पण पॅड निळं झाल्यावर पुढे काय होतं हे सांगितल्याशिवाय ते पूर्ण होणार नाही, कारण पॅडची खरी उणीव तिथेच दिसते.

आधी वस्तू कशी आहे ते. दिसायला साधं पातळ पॅड. मधोमध पिवळसर पट्टी, तिच्यात आम्लता ओळखणारं रंगद्रव्य. योनीतला स्राव एरवी आम्लधर्मी असतो, त्याचा पीएच (आम्लतेचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ३.८ ते ४.५. गर्भजलाचा पीएच ७ च्या थोडा वर. त्यामुळे गर्भजल लागलं की पट्टीवर निळा किंवा हिरवट डाग उमटतो. अडचण अशी की लघवीनेही तो उमटू शकतो. या पॅडची सगळी हुशारी पुढच्या पायरीत आहे. पॅड काढून पट्टी सोबतच्या डबीत वाळवायची. लघवीतल्या अमोनियामुळे तिचा डाग वाळताना मागे फिरतो आणि पट्टी पुन्हा पिवळी होते. गर्भजलाचा डाग मात्र तसाच राहतो. ब्रिटनमधल्या नाईस या संस्थेने २०१३ मध्ये अशा एका पॅडबद्दल मार्गदर्शिका काढून त्याला अनुकूल मत दिलं. कारण व्यवहारी होतं: पॅड पिवळं राहिलं तर बऱ्याच जणींची स्पेक्युलम (योनी उघडी धरून आत पाहायचं उपकरण) घालून होणारी तपासणी वाचते.

वापरताना चुका होतात त्या बहुतेक घाईच्या. पॅड लावण्याआधी लघवी करून या आणि पुसून कोरडं करा. पट्टी योनीच्या तोंडाला टेकलेली हवी, पुढे सरकली तर ती फक्त लघवी टिपते. ओलं लागलं की किंवा जास्तीत जास्त १२ तासांनी काढा. मग वाळवण्याची वेळ घड्याळ लावून पाळा. ती उत्पादनानुसार बदलते, म्हणून आतला कागद वाचायलाच हवा. काढल्या काढल्या ओली पट्टी पाहून "निळं झालं" म्हणत धावपळ करणं ही नेहमीची चूक. तिच्या उलट बाजूची चूक म्हणजे पट्टी तासन् तास विसरणं आणि मग फिक्या डागाचा अर्थ लावत बसणं. पट्टी उजेडात धरून पाहायची. डागाची कड स्पष्ट असेल, रंग छोट्याशा ठिपक्यापुरता असला तरी टिकून असेल, तर तो डाग धरायचा. अख्खी पट्टी निळी व्हायला हवी, असं नाही.

फसवतं कधी? पॅड आम्लता मोजतं, पाणी ओळखत नाही. जिवाणूंमुळे योनीतलं संतुलन बिघडलेलं असेल, ट्रायकोमोनासची लागण असेल, रक्ताचा डाग असेल, आदल्या रात्री संबंध आला असेल, साबणाने किंवा जंतुनाशकाने आतून धुतलं असेल, योनीत ठेवायची गोळी चालू असेल, तर पट्टी गर्भजलाशिवायही निळी होते. अशा वेळी पॅड लावूच नये. उलट दिशेची चूक कमी होते, पण ती जास्त धोक्याची. पाणी जाऊन बरेच तास झाले आणि आता झिरपणंच थांबलं असेल, तर पट्टीला लागायला काही उरतच नाही. पिवळी पट्टी म्हणजे पॅड लावलेल्या वेळात गर्भजल लागलं नाही, एवढंच. काल संध्याकाळबद्दल ती काही सांगत नाही.

पॅड हाताशी नसेल तर बिनखर्चाचा एक उपाय आहे आणि तो वाटतो तितका कच्चा नाही. लघवी करून या, साधं पांढरं, बिनवासाचं मोठं पॅड लावा आणि कुशीवर अर्धा तास पडा. मग उठून उभ्या राहा. पिशवी फुटलेली असेल तर पडल्यावर योनीत साठलेलं पाणी उभं राहताच खाली येतं. तसं येत असेल आणि लघवी रोखायचे स्नायू आवळूनही थांबत नसेल, तर संशय पक्का धरा. लघवी बहुधा आवळून थांबते आणि तिला वास असतो. गर्भजल जवळजवळ बिनवासाचं, क्वचित गोडसर. पॅड पांढरंच हवं, याबद्दल आम्ही आग्रही आहोत. गडद कपड्यावर हिरवट झाक दिसत नाही, आणि ती झाक पाण्याइतकीच महत्त्वाची आहे.

दवाखान्यातल्या तपासण्यांशी तुलना केली तर हे पॅड चाळणीपुरतं आहे, निकालापुरतं नाही. तिथे पहिली पायरी निर्जंतुक स्पेक्युलमची. गर्भाशयाच्या तोंडातून पाणी येताना दिसलं किंवा योनीच्या मागच्या खोबणीत साठलेलं दिसलं, की दुसऱ्या चाचणीची गरज उरत नाही. शंका राहिली तर नायट्राझिनचा कागद लावतात. तोही आम्लतेवरच चालतो, त्यामुळे रक्त, वीर्य आणि जंतुसंसर्ग त्यालाही तसेच फसवतात. काचपट्टीवर थेंब वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर गर्भजलातले क्षार नेच्याच्या पानासारखी नक्षी काढतात. स्वस्त आणि सुंदर चाचणी, पण थेंब नीट वाळायला हवा आणि पाहणाऱ्याची नजर तयार हवी. गर्भाशयाच्या तोंडाजवळचा चिकट स्रावही कधी कधी तशीच पानं काढतो, फक्त जरा जाड.

या सगळ्यांत उजव्या ठरतात त्या प्रथिनं ओळखणाऱ्या पट्ट्या. अ‍ॅम्निशुअर ही पीएएमजी-१ हे प्रथिन शोधते, अ‍ॅक्टिम प्रॉम ही आयजीएफबीपी-१ हे. दोन्ही प्रथिनं गर्भजलात भरपूर आणि योनीस्रावात नाममात्र असतात. अ‍ॅम्निशुअरमध्ये टोकाला बोळा असलेली निर्जंतुक काडी योनीत ५ ते ७ सेंटिमीटर आत १ मिनिट ठेवतात, द्रावणाच्या कुपीत १ मिनिट फिरवतात, मग कुपीत पट्टी उभी करतात. दोन रेघा आल्या तर पाणी गेलेलं आहे, एक आली तर नाही. स्पेक्युलमही लागत नाही. निकाल ५ ते १० मिनिटांत वाचायचा, १५ मिनिटांनंतर वाचलेली पट्टी बाद. दुसरी रेघ फिकी आली तरी ती रेघच. रक्तस्राव बराच असेल तर याही पट्टीवर विसंबू नये. एवढं असूनही अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने ऑगस्ट २०१८ मध्ये डॉक्टरांना पत्र पाठवून बजावलं, की पाणमोट फुटली की नाही हा निर्णय एकट्या पट्टीवर घेऊ नका, तपासणी आणि बाकीची लक्षणं जोडीला धरा. दवाखान्यातल्या पट्टीची ही गत, तर घरच्या पॅडचं वजन किती ते समजून घ्यावं.

आता आमची मुख्य तक्रार. पॅड निळं झालेली बाई दवाखान्यात पोचते आणि "पाणी कधी गेलं?" या प्रश्नाला पॅड निळं झाल्याची वेळ सांगते. ती वेळ चुकीची असते. पहिल्यांदा ओलं वाटलं ती वेळ खरी. मधले १२ तास पॅड लावण्यात गेले असतील तर तेवढे तास हिशेबातून गळतात, आणि पुढचे निर्णय तासांवरच उभे असतात. योनीतल्या बी गटातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूची (तो बाळाला संसर्ग करू शकतो) तपासणी झालेली नसेल आणि पाणी जाऊन १८ तास उलटले असतील, तर अनेक मार्गदर्शिकांनुसार प्रसूतीवेदनांत शिरेतून पेनिसिलिन सुरू करतात. २४ तास उलटले तर कळा आणण्याचा विषय निघतो आणि जन्मानंतर बाळावर लक्षही जास्त ठेवतात. सहा तास चुकले तर हे सगळंच सहा तासांनी मागे पडतं. पॅडच्या डबीवर "पहिल्यांदा ओलं वाटलं ती वेळ" असा एक रिकामा चौकोन छापायला फारशी शाई लागणार नाही. तोवर पेनाने लिहा.

पॅड लावत बसूच नये, सरळ दवाखाना गाठावा, अशा वेळा आम्ही मोजून सांगतो. ३७ आठवडे पूर्ण झालेले नसतील. पाणी हिरवट, शेवाळी किंवा तपकिरी असेल, म्हणजे बाळाने पोटात शी केलेली असेल. लालभडक रक्त असेल. किंचित गुलाबी छटा मात्र चालते. बाळाची हालचाल मंदावली असेल. अंगात ताप असेल. पाण्याला घाण वास असेल. बाळ आडवं किंवा पायाळू आहे, किंवा डोकं अजून वरच तरंगतंय, असं आधीच सांगितलेलं असेल. स्ट्रेप्टोकोकसची तपासणी सकारात्मक आलेली असेल. आणि भसकन पाणी गेलं असेल तर पॅड कशाला? फरशीच पुरावा आहे.

यात एक प्रसंग मिनिटांचा असतो. पाण्याबरोबर नाळ खाली घसरणं. योनीत किंवा मांड्यांमध्ये मऊ, दोरखंडासारखं, कधी ठोके मारणारं काही लागलं, तर ते आत ढकलू नका, चाचपत बसू नका. गुडघे आणि छाती जमिनीला, कंबर वर, अशी अवस्था घ्या आणि दुसऱ्या कुणाला तरी रुग्णवाहिका बोलवायला सांगा. गाडीत डाव्या कुशीवर, कमरेखाली उशा घालून. डोक्याचा दाब नाळेवरून काढणं हा त्यामागचा एकच हेतू. नाळ दाबली गेली की बाळाचा रक्तपुरवठा तुटतो, म्हणून यात सहसा तातडीचं सिझर ठरतं.

आता दुसरी बाजू, म्हणजे दवाखान्याची सेवा. दिवस भरलेले, पाणी स्वच्छ, डोकं खाली, पण कळा नाहीत. शंभरातल्या साधारण आठ जणींचं असं होतं. पर्याय दोन: वाट पाहणं किंवा ऑक्सिटोसिन या औषधाची ड्रिप लावून कळा आणणं. वाट पाहिली तर सुमारे ६० टक्के जणींना २४ तासांत आपोआप कळा येतात. याविषयीचा मोठा अभ्यास १९९६ चा, ५,०४१ बायकांचा. ऑक्सिटोसिनने लगेच कळा आणल्या तर सिझरचं प्रमाण वाढलं नाही, बाळांच्या संसर्गातही मोठा फरक दिसला नाही, पण आईच्या गर्भाशयातला संसर्ग कमी झाला आणि बायका त्या पद्धतीवर जास्त समाधानी होत्या. आमचं झुकतं माप ड्रिपला आहे, विशेषतः रात्र काढायची झाली तर. पण २४ तासांपर्यंत थांबणं हाही नीट मार्ग आहे, आणि थांबणाऱ्या बाईला घाबरवणारी सेवा चांगली नव्हे.

थांबायचं ठरलं तर घरच्या अटी थोड्या आहेत, पण त्या पाळायलाच हव्या. जागं असताना दर ४ तासांनी ताप मोजायचा. ३८ अंश सेल्सिअस दिसलं, थंडी वाजली, पाण्याचा रंग किंवा वास बदलला, हालचाल कमी वाटली, तर निघायचं. शॉवर चालतो. संबंध नकोत, टॅम्पॉन नको, आतून धुणं नको. पॅड दर काही तासांनी बदला आणि फेकण्याआधी एकदा पाहा.

सेवा जोखायची तर आम्ही एकच गोष्ट आधी बघतो: आतून तपासणी किती वेळा होते. पाणी गेल्यावर हातमोज्याचं बोट वर गेलं की योनीतले जंतूही वर जातात. त्याच १९९६ च्या अभ्यासातल्या पुढच्या विश्लेषणात तपासण्यांची संख्या वाढली तसा गर्भावरणाचा संसर्ग वाढलेला दिसला. कळाच नसताना "किती उघडलंय बघू" म्हणून येताजाता तपासणारा कक्ष असेल तर विचारा, या तपासणीने निर्णय काय बदलणार आहे? निर्णय बदलणार नसेल तर तपासणी टाळता येते. स्पेक्युलमने नुसतं पाहणं वेगळं, त्यात गर्भाशयाच्या तोंडाशी बोट जात नाही.

ड्रिपमध्ये बघण्यासारखं म्हणजे वेग. ऑक्सिटोसिन पंपावर चालतं, साधारण १ ते २ मिलियुनिट प्रति मिनिट इतक्या कमीपासून सुरू होतं आणि बहुधा दर अर्ध्या तासाने वाढवत नेतात. १० मिनिटांत ३ ते ४ कळा आल्या की वाढवणं थांबलं पाहिजे. १० मिनिटांत पाचाहून जास्त कळा सुरू झाल्या की बाळाला दोन कळांमध्ये श्वास घ्यायलाच वेळ मिळत नाही, म्हणजे वारेतलं रक्त पुन्हा भरत नाही. मग ड्रिप कमी किंवा बंद. म्हणून ड्रिप चालू असताना बाळाच्या ठोक्यांचं यंत्र सतत लावलेलं हवं. पंपाशिवाय नुसती सलाईनची चाकी फिरवून थेंब वाढवले जात असतील तर मात्रा किती जातेय ते नेमकं कळत नाही. हे आम्ही उणीव म्हणूनच लिहू. गर्भाशयाचं तोंड अजून कडक असेल तर काही ठिकाणी आधी ते मऊ करायला मिसोप्रोस्टॉलची गोळी देतात, गिळायला २५ मायक्रोग्रॅम दर २ तासांनी. आधी सिझर झालेलं असेल तर ही गोळी नको, जुना टाका फाटण्याचा धोका असतो.

कळा जास्त बोचतात का? बहुतेक जणी हो म्हणतात. पाण्याची उशी गेलेली असते आणि डोकं थेट गर्भाशयाच्या तोंडावर दाबतं. "सगळं पाणी गेलं, आता कोरडी डिलिव्हरी" ही भीती मात्र पोकळ आहे. बाळ पोटात लघवी करत राहतं आणि गर्भजल बनत राहतं, त्यामुळे जन्मापर्यंत पॅड ओलेच होत असतात. डोकं नीट खाली बसलेलं असेल तर चालणं, चेंडूवर बसणं, कूस बदलणं सगळं चालतं. पुढचं जवळपास नेहमीसारखं: तोंड १० सेंटिमीटर उघडणं, जोर, बाळ, मग मांडीत १० युनिट ऑक्सिटोसिन आणि वार. पाणी हिरवं होतं आणि बाळ रडतंय, तर उगाच नाकातोंडात नळी घालून खेचण्याची गरज नसते. तेजतर्रार बाळाला आधी आईच्या अंगावर द्यावं.

दिवस भरण्याआधी पाणी गेलं तर सगळा हिशेबच निराळा, आणि तिथे पॅडचा काही संबंध नाही. भरती, ३४ आठवड्यांच्या आत असेल तर बाळाच्या फुप्फुसांसाठी बीटामेथासोनची १२ मिलिग्रॅमची दोन इंजेक्शनं २४ तासांच्या अंतराने, आणि प्रतिजैविक. एरिथ्रोमायसिन २५० मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा, १० दिवस, हा एक रुळलेला क्रम आहे. को-अमॉक्सिक्लॅव हे प्रतिजैविक टाळतात, कारण २००१ च्या ओरॅकल अभ्यासात त्याने बाळांच्या आतड्याचा गंभीर आजार वाढलेला दिसला. संसर्ग नसेल आणि बाळ बरं असेल तर इथे घाई न करता दिवस वाढवणंच बहुधा फायद्याचं.

मग गुण किती? "हे पाणी नव्हे" असं सांगायला हे पॅड चांगलं आहे, "हे पाणीच आहे" असं सांगायला मध्यम, आणि "काही धोका नाही" असं सांगायला निरुपयोगी, कारण ते रंग, ताप, हालचाल, नाळ यांतलं काहीच बघत नाही. दिवस भरलेल्या, डोकं खाली असलेल्या, वारंवार थेंबभर ओलं होऊन वैतागलेल्या बाईने दोन पॅडं जवळ ठेवावी. त्याहून मोठा डबा घेण्यात अर्थ नाही. दोनदा शंका आली तर तिसऱ्यांदा तपासून घ्यायला जावं.

आणि २४ तास उलटून बाळ झालं असेल, तर प्रसूतीनंतर लगेच घरी सोडणाऱ्या जागेला आम्ही कमी गुण देऊ. अशा बाळाचं पहिले १२ तास निरीक्षण हवं: पहिल्या तासाला, दुसऱ्या तासाला, मग दर २ तासांनी. ताप, श्वासाचा वेग, ठोके, अंगाचा रंग, दूध कसं ओढतंय. आई ओल्या पॅडांतून मोकळी झालेली असते तेव्हा ही नोंदवही कोण भरतंय, हे डिलिव्हरीआधीच विचारून ठेवा.